बोगद्याच्या तोंडाशी पाय का उचलतो?

वरुडकडची मृगाची संत्री घेऊन वाशीच्या बाजाराला निघालेला ट्रक इगतपुरीचा बोगदा रात्री ओलांडतो, आणि रिकामा परततो तो भर दुपारी. आमच्याकडचे चालक सांगतात, जाताना बोगद्यातला उजेड पाहून बरं वाटतं. येताना मात्र तोंडाशीच 'डोयासमोर अंधारी' येते आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप उचलतो. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावरचा हा जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा जून 2025 मध्ये खुला झाला. सपाट वऱ्हाडातल्या माणसाला तोवर घाट ठाऊक होते, एवढा बोगदा नव्हता.

बोगदे बांधणाऱ्यांची पहिली काळजी होती धुराची. 1927 साली न्यूयॉर्कला हडसन नदीखालून हॉलंड बोगदा सुरू झाला. विषारी धुराने चालकाचं डोकं जड होऊ नये म्हणून त्याला 84 पंखे बसवले. दर दीड मिनिटाला आतली हवा बदलायची. तो प्रश्न सुटला.

डोळ्यांचा प्रश्न जास्त चिवट निघाला. उन्हातून आलेल्या डोळ्याला अंधार सरावायला काही सेकंद लागतात, आणि 100 च्या वेगात गाडी एका सेकंदात 28 मीटर जाते. लांबून बोगद्याचं तोंड म्हणजे नुसतं काळं भगदाड. आत गाडी बंद पडलेली असली तरी दिसत नाही. पुढचा बिचकून ब्रेक मारतो, मागचा येऊन धडकतो. म्हणून तोंडाशी सगळ्यांत प्रखर दिवे भर दुपारी लागतात, आत जाऊ तसा उजेड पायरीपायरीने उतरतो. रात्री तेच दिवे मंद करतात, नाहीतर बाहेर पडताना अंधारी यायची. गावात हे सांगितलं तर लोक हसतात: दिवसाढवळ्या दिवे कशाले जाळता?

मग पाळी आली मनाची. समृद्धीमुळे 'महामार्ग संमोहन', म्हणजे एकसुरी रस्त्यावर चालकाचं भान हरपणं, हा शब्द आपल्याकडे रुळला, पण नॉर्वेतल्या लोकांनी त्याचा विचार आधीच केला होता. 2000 साली उघडलेला लार्डालचा बोगदा साडेचोवीस किलोमीटरचा आहे. दर 6 किलोमीटरवर डोंगर पोखरून एकेक मोठं दालन केलंय, वर निळा उजेड, खाली कडेला पिवळसर, पहाट झाल्यासारखा. एका लांबलचक बोगद्याऐवजी चार छोटे ओलांडले असं वाटतं. मला तरी या साऱ्या कहाणीतली हीच युक्ती सगळ्यांत शहाणी वाटते.

त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च 1999 मध्ये, फ्रान्स-इटलीदरम्यानच्या माँ ब्लाँ बोगद्यात मैदा आणि मार्गारीन भरलेला ट्रक पेटला. 39 जण गेले. बरेच जण गाडीतच बसून राहिले होते. 2002 मध्ये बोगदा पुन्हा सुरू झाला तेव्हा चालत्या दोन गाड्यांत 150 मीटर अंतर सक्तीचं झालं, आणि 2004 मध्ये युरोपने 500 मीटरहून लांब बोगद्यांसाठी सुरक्षेचे नियमच केले.

इगतपुरीला येण्याजाण्याचे बोगदे वेगळे आहेत आणि एकातून दुसऱ्यात जायला मधे जोडमार्ग. पण आग लागली तर संत्र्याने भरलेली गाडी चावीसकट सोडून त्या जोडमार्गातून पळ, हे आमच्या चालकाला अजून कोणी सांगितलेलं नाही.