मऊ विटेला कडक सिमेंट सोसत नाही

जुनी विटांची भिंत झिजलेली दिसली की बहुतेकांना एकच उपाय सुचतो: दरजांमधला, म्हणजे विटांच्या सांध्यांमधला, भुसभुशीत चुना खरवडायचा आणि सिमेंट भरायचं. विसाव्या शतकात इंग्लंडमधल्या कितीतरी विटांच्या हवेल्यांची डागडुजी अशीच झाली. नव्या दरजा शाबूत राहिल्या, पण विटा फुटल्या.

नॉरफकमधला ऑक्सबर्ग हॉल हा अशा वास्तूंचा उत्तम नमुना. एडमंड बेडिंगफेल्डला १४८२ साली राजा चौथ्या एडवर्डकडून तटबंदीचा परवाना मिळाला आणि भोवती खंदक असलेला हा विटांचा वाडा उभा राहिला. प्रवेशद्वाराच्या मनोऱ्यातला गोल जिना विटेचा आहे, आणि त्याचा हाताला धरायचा कठडासुद्धा घडीव विटांचा, भिंतीतच बसवलेला. गवंड्याचं कसब पाहायचं तर इथे पाहावं.

त्या काळच्या विटा दोन-सव्वादोन इंच जाडीच्या, हाताने पाडलेल्या. भट्टीत आच सगळीकडे सारखी लागत नसे, त्यामुळे भाजणी कमी-जास्त. अशा विटेची बाहेरची कातडी त्यातल्या त्यात कठीण, गाभा मऊ आणि सच्छिद्र. पावसात ती पाणी पिते. ते पाणी पुन्हा बाहेर पडायला वाट हवी. ही वाट म्हणजे चुन्याची दरज. चुना विटेपेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असल्याने ओल त्यातून वाळते, पाण्यात विरघळलेले क्षार तिथेच साठतात आणि झीजही तिथेच होते. शे-दीडशे वर्षांनी दरज पुन्हा भरता येते. पंधराव्या शतकातली वीट पुन्हा मिळत नाही.

सिमेंटने ही वाट बंद होते. मग पाणी विटेच्या तोंडातूनच बाहेर पडू लागतं आणि क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाच्या काही मिलिमीटर आत, छिद्रांमध्ये वाढतात. वाढत्या स्फटिकाचा दाब विटेच्या ताण सोसायच्या ताकदीपेक्षा जास्त झाला की पापुद्रा सुटतो. हिवाळ्यात भर पडते, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. एकदा भाजणीची कातडी गेली की मऊ गाभा उघडा पडतो आणि झीज वेग घेते. जवळून पाहिलं तर विटा आत गेलेल्या आणि सिमेंटची जाळी बाहेर उभी राहिलेली दिसते. शिवाय ऊन-थंडीने भिंत किंचित हलते. चुना ती हालचाल सोसतो. सिमेंट ताठ राहतं आणि तडा विटेला जातो. 'जलरोधक' रसायन फवारून हे थांबेल असं जाहिराती सांगतात, पण आत अडकलेली ओल आणि क्षार त्यामुळे आतच राहतात.

जुन्या चुन्यात अंडी किंवा गूळ होता म्हणून वाडे टिकले, हेही आपल्याकडे फार फिरतं. असे पदार्थ कुठेकुठे घातले जात, हे खरं. पण कळीचा चुना, म्हणजे भट्टीत भाजलेली चुनखडी, भिजवल्यावर तयार होणारं कॅल्शियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतं, आणि भिंत घट्ट होते ती या सावकाश अभिक्रियेने. तिला थोडी ओल लागते, म्हणून घाई केली की काम फसतं.

दरज हातानेच, छिन्नीने, रुंदीच्या किमान दुप्पट खोल मोकळी करावी. ग्राइंडरने विटेच्या कडा कापल्या जातात. धूळ काढून पाणी मारावं, नाहीतर कोरडी वीट मसाल्यातलं, म्हणजे दरजेत भरायच्या चुना-वाळूच्या मिश्रणातलं, पाणी शोषते आणि चुना भुगा होऊन गळतो. एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग चाळलेली, टोकदार कणांची वाळू. मसाला दाबून भरावा, विटेच्या तोंडावर पसरू देऊ नये आणि ओलं गोणपाट काही दिवस टांगून ठेवावं. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर काम हाती घेऊ नये. कच्चा चुना गोठला की पोपडे निघतात. आधीचं सिमेंट विटेला घट्ट चिकटलेलं असेल तर ते तसंच सोडावं, कारण उपटताना त्याबरोबर विटेची कड निघून येते.