ईसीजीच्या कागदावरची छापील ओळ

पंचेचाळिशीच्या पुढे तपासणीत ईसीजी काढला की कागद हातात आल्या आल्या नजर जाते ती माथ्यावरच्या छापील ओळीवर. 'नॉन-स्पेसिफिक एसटी-टी चेंजेस', 'लेफ्ट अॅक्सिस डेव्हिएशन', कधी सरळ 'अॅबनॉर्मल ईसीजी'. झोप उडवायला एवढं पुरेसं असतं. पण ही ओळ यंत्रातल्या प्रोग्रॅमने मोजमापांवरून बांधलेला अंदाज असते. काही सुटू नये म्हणून तो बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त शंका घेतो. त्याला समोरच्याचं वय सांगितलेलं असतं, पण छातीत दुखतंय की नाही हे ठाऊक नसतं.

ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेची साधारण 10 सेकंदांची नोंद. छाती आणि हातापायांवर 10 इलेक्ट्रोड लावून 12 बाजूंनी ती घेतली जाते. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, त्यामुळे एक बारीक चौकट 0.04 सेकंदाची, मोठी 0.2 सेकंदाची. पी लहर म्हणजे वरचे कप्पे उत्तेजित होणं, क्यूआरएस म्हणजे खालचे कप्पे, आणि टी म्हणजे खालच्या कप्प्यांचं पुन्हा पूर्ववत होणं. ही अक्षरं दिली डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेनने. त्याला 1924 मध्ये नोबेल मिळालं, आणि अक्षरं आजही तीच आहेत.

आता गोंधळ कुठे होतो ते पाहू. व्ही1 आणि व्ही2 हे इलेक्ट्रोड चौथ्या बरगडीखालच्या फटीत लावायचे असतात. घाईत ते वर सरकले, तर क्यूआरएसमधली वर जाणारी आर लहर खुजी दिसते आणि यंत्र 'जुना सेप्टल इन्फार्क्ट असू शकतो' असं छापून मोकळं होतं. न आलेला हार्ट अटॅक कागदावर येतो तो असा. सडपातळ माणसाच्या छातीवर लहरी उंच उमटतात, मग यंत्राला हृदयाचा स्नायू जाड झाल्याचा संशय येतो. उलट स्थूल माणसात खरा जाड झालेला स्नायूही लपून जातो. अशा वेळी रक्तदाब आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, जास्त खरं बोलतात.

राइट बंडल ब्रँच ब्लॉक धडधाकट माणसातही सापडतो. 'ब्लॉक' हा शब्द वाचून लोक रक्तवाहिनी बंद झाल्याचं समजतात, पण इथे अडलेला असतो तो विजेचा मार्ग. लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक मात्र नव्याने दिसला तर सोडून देऊ नये. पी लहरी गायब आणि ठोके अनियमित, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हेही तसंच: त्यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो.

म्हणून माझ्या मते सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे त्याच माणसाचा जुना ईसीजी. टी लहर पाच वर्षांपूर्वीही उलटीच असेल, तर आजच्या उलट्या टीचं वजन बरंच कमी होतं. तीच पूर्वी सरळ असेल, तर चौकशी गंभीरपणे करावी लागते.

'नॉर्मल' या शब्दावरही फार विसंबू नये. विश्रांतीत हृदयाला रक्त कमी लागतं, त्यामुळे वाहिनी बरीच अरुंद असूनही स्वस्थ पडलेल्या माणसाचा ईसीजी साफ येऊ शकतो. दुसऱ्या टोकाला, लक्षणं नसलेल्या कमी जोखमीच्या लोकांनी केवळ चाळणी म्हणून ईसीजी काढू नये, असा सल्ला अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञ मंडळाने 2018 मध्ये दिला. त्यातून खोटे संशय आणि पुढच्या अनावश्यक तपासण्या वाढतात.

छातीत जडपणा, घाम, हात किंवा जबड्यात कळ असेल तर हिशेब वेगळा. हार्ट अटॅकमध्येही पहिला ईसीजी स्वच्छ निघू शकतो, म्हणून रुग्णालयात तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाची, रक्तचाचणीही करतात. ट्रोपोनिन वाढायला काही तास लागू शकतात, त्यामुळे गरज पडल्यास तीही दोनदा होते.