दर उन्हाळ्यात गॅस भरायची रीत आली कुठून?

एप्रिल लागला की जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारच्या कार एसीच्या दुकानांवर गर्दी होते. बहुतेक गाडीवाले काय बिघडलंय ते सांगत नाहीत, थेट काम सांगतात : "भाऊ, गॅस भरून द्या." पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना माणूस घाईत असणारच. पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरत राहतो. तो कमी झाला, याचा अर्थ कुठून तरी गळतोय. तरीही वर्षाला गॅस भरायची रीत इतकी पक्की बसली, कारण एके काळी ती योग्यच होती.

कारखान्यातूनच एसी घेऊन आलेली पहिली गाडी अमेरिकेतल्या पॅकार्डची, १९३९ सालची. तिचं कूलिंग कॉइल डिकीच्या बाजूला होतं आणि गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरला इंजिनपासून सोडवणारा क्लचच नव्हता. एसी नको असेल तेव्हा बॉनेट उघडून पट्टा उतरवून ठेवावा लागे. १९५४ मध्ये नॅश कंपनीनं सगळी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात आणली. १९६४ च्या कॅडिलॅकमध्ये ठरवलेलं तापमान स्वतःच राखणारी व्यवस्था आली. आजच्या ऑटो क्लायमेट कंट्रोलची सुरुवात ती.

आपल्याकडे अॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या जमान्यात एसी म्हणजे हौसेनं मागाहून डॅशबोर्डखाली टांगलेलं युनिट. बाकी सगळे काचा खाली करून आणि डोक्याला ओलं उपरणं गुंडाळून प्रवास करत. १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९८५ मध्ये जपानी कंपन्यांच्या भागीदारीत गाड्यांचे एसी बनवणारी सुब्रोस उभी राहिली, आणि गाडीचा एसी हळूहळू मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला.

त्या काळातल्या गाड्यांत आर-१२ नावाचा गॅस असे. होज पाइप साध्या रबराचे, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सीलही आजच्यासारखं घट्ट नाही. काहीही बिघडलेलं नसताना गॅस थोडाथोडा झिरपत राही. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर तो भरून घेणं ही रीतसर देखभाल होती. मेकॅनिक गॅसमधली ओल शोषणाऱ्या ड्रायरवरच्या काचेत बघे आणि बुडबुडे दिसेनासे होईपर्यंत गॅस सोडे. गळती शोधायला हॅलाइड टॉर्च नावाचा ज्योतीचा दिवा असे : आर-१२ ज्योतीत ओढला गेला की त्यातल्या क्लोरीनमुळे ज्योत हिरवी होई.

हाच क्लोरीन वातावरणातल्या ओझोनच्या थराच्या मुळावर उठला. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये धोका दाखवला, १९८७ मध्ये असे गॅस आवरण्यासाठी माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. १ जानेवारी २००३ पासून आपल्याकडे नव्या उपकरणांत असे गॅस वापरायला बंदी आली. गाड्यांमध्ये आर-१३४ए आला आणि त्याच्याबरोबर सगळं तंत्रच बदललं. कॉम्प्रेसरला वंगण देणारं जुनं मिनरल ऑइल या गॅसमध्ये मिसळत नाही, त्याला पीएजी नावाचं कृत्रिम ऑइल लागतं. ज्यांनी ऑइल न बदलता जुन्या गाडीत नवा गॅस भरला, त्यांचे कॉम्प्रेसर कोरडे पडून जाम झाले. क्लोरीन नसल्यामुळे हॅलाइड टॉर्च कुचकामी ठरली. काचेतल्या बुडबुड्यांवरही भरवसा राहिला नाही; आता गॅस वजन करून भरायचा, किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. होज पाइपना आतून गॅस अडवणारा थर आला, सील सुधारले. म्हणजे ज्या कारणासाठी दरवर्षी गॅस भरावा लागे, ते कारणच जवळपास उरलं नाही. रीत मात्र राहिली.

आणि खानदेशात ती जास्त महाग पडते, असं माझं ठाम मत आहे. बाहेर ४५ अंश असताना कंडेन्सरला, म्हणजे गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीला, उष्णता बाहेर टाकणं मुळातच जड जातं, त्यामुळे चांगल्या एसीतही दाब चढलेलाच असतो. त्यात अंदाजानं जास्तीचा गॅस भरला की दाब मर्यादेपलीकडे जातो, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो आणि भर दुपारी एसी गरम हवा फेकायला लागतो. गाडीवाल्याला वाटतं, गॅस पुन्हा गेला!

खरं तर पाहणी कंडेन्सरपासून सुरू व्हावी. काळ्या मातीची धूळ आणि कपाशीच्या हंगामात उडणारा कापूस त्याच्या जाळीत गच्च बसतो. पंखा पूर्ण वेगानं फिरतोय का, केबिन फिल्टर तुंबलाय का, हे पाहायला पैसे लागत नाहीत. मे महिन्यात गाडीखाली पाणी ठिबकलं नाही तर घाबरू नये, आपल्या कोरड्या हवेत ओलच कमी असते. गेजवर दाब बरोबर आणि तरी हवा कोमट, तर हीटरची गरम हवा आत मिसळतेय का ते बघावं. ऑटो क्लायमेट कंट्रोलमध्ये गार-गरम हवेची झडप फिरवणारी छोटी मोटर बिघडली की डॅशबोर्डमागून टकटक ऐकू येते. डॅशबोर्डवरच्या ऊन मोजणाऱ्या सेन्सरवर चटई अंथरली तर यंत्रणा ऊन नाहीच असं धरून चालते. आतलं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची जाळी धुळीनं बुजली की थंडावा मनासारखा मिळत नाही.

एवढं करूनही गॅस कमीच निघाला, तर आधी नायट्रोजन भरून गळती शोधावी, ती बंद करावी, मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम करावा, म्हणजे पंपानं नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढावी. आत राहिलेली ओल एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे गॅस बारीक छिद्रातून सोडणाऱ्या झडपेत, गोठते आणि ऑइलबरोबर आम्लही तयार करते. व्हॅक्यूम टाळून नुसता गॅस भरून देणं म्हणजे गिऱ्हाईकाला पुढच्या वर्षी परत यायला लावणं. जुने तांब्याचे कंडेन्सर झाळून चालवता येत. आताच्या अॅल्युमिनियमच्या बारीक नळ्यांचे बहुधा बदलावेच लागतात, आणि हा खर्च मेकॅनिकनं स्पष्ट सांगावा.

आता आर-१३४ए चीही पाळी आली आहे. तो ओझोनला अपाय करत नाही, पण हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. माँट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीत असे गॅस टप्प्याटप्प्यानं कमी करायचं ठरलं, भारतानं तिला २०२१ मध्ये मान्यता दिली. परदेशी गाड्यांत आलेला आर-१२३४वायएफ थोडासा ज्वलनशील आहे, त्याची यंत्रसामग्री वेगळी. शिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात भेटतात. तिथल्या ट्रकच्या गॅरेजांना यापुढे पान्यांबरोबर वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंपही ठेवावा लागणार आहे.