हृदयातला फुगा फुटला म्हणजे छाती उघडायचीच?

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाबाहेर चहाच्या गाड्यावर आजही ठासून सांगतात, "फुगा फुटला न्हवं, मग छाती फाडल्याबिगर सुटका न्हाई." 1994 पासून हे खरं राहिलेलं नाही.

महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, मुळाशी तीन खळगे असतात. एखाद्या खळग्याची भिंत जन्मतः कच्ची असली तर ती फुगते, फुटते. हाच तो फुगा. रक्त बहुधा बाहेर न सांडता हृदयाच्या उजव्या कप्प्यात घुसतं. म्हणून माणूस धापा टाकत का होईना, दवाखान्यात पोचतो. स्टेथोस्कोपला अखंड घरघर लागते.

मग जांघेतल्या धमनीतून तार वर नेऊन भोकातून पार करतात, पलीकडे फासात पकडून शिरेवाटे बाहेर काढतात. त्याच तारेच्या वाटेने, शिरेकडून, भुईछत्रीसारखी जाळीदार गुंडी आणून भोकात बसवतात. छातीला टाका नाही.

पण "ऑपरेशन आता जुनं झालं" ही नवी अफवाही तितकीच चूक. (आपल्याकडं दुसरं टोक गाठायला वेळ लागत नाही.) शेजारच्या, हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असेल, झडप फार गळत असेल किंवा जंतुसंसर्ग असेल, तर सहसा छाती उघडणंच बरं, सर्जन सगळं एकदमच दुरुस्त करतो. नातेवाइकांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाल्यावर हेच तीन प्रश्न विचारावेत.