राजवाड्यासारखी मोटेल म्हणजे कुंटणखाने नव्हेत

दक्षिण कोरियात शहराबाहेर पडताच बुरूज, घुमट आणि गुलाबी निऑनने लखलखणाऱ्या इमारती दिसतात. ‘हे सगळे कुंटणखाने’ हा समज फार जुना आहे, आणि चुकीचाही. तिथे वेश्याव्यवसाय कधीच झाला नाही असं नाही. पण मुळात ही परवानाधारक निवासस्थानं आहेत. लग्नापर्यंत आईवडिलांकडे राहणाऱ्या तरुण जोडप्यांना एकांत हवा असतो, म्हणून खोल्या तासांवर मिळतात. याला ‘तेसिल’ म्हणतात. फिरते विक्रेते आणि पर्यटकही तिथे उतरतात.

मग पार्किंगच्या तोंडाशी पट्ट्यांचा पडदा कशाला? गाडीची नंबरप्लेट रस्त्यावरून दिसू नये म्हणून! व्यभिचार 2015 पर्यंत तिथे फौजदारी गुन्हा होता, हेही विसरू नका.

भडकपणामागे निव्वळ धंदा आहे. एकाच व्यापारी पट्ट्यात दहा मोटेलं शेजारीशेजारी, मग हमरस्त्यावरून आधी कोण दिसणार? नियोजित उपनगरांत मात्र हे घुमट घरांच्या खिडक्यांसमोर आले. 2000 च्या सुमारास सोलजवळच्या इल्सानमध्ये रहिवासी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. आता नवी मोटेलं बरीच साधी दिसतात. गिऱ्हाईक ॲपवरून येतं, बुरूज बघून नाही.