ब्रायन मेचा सूर आणि सोलापूरचा उन्हाळा

मांडवातला कर्णा किंचाळायला लागला की आपण साउंडवाल्याला ओरडून सांगतो, "आवाज फाटतोय, कमी कर." भजन असो वा भाषण, तिथे हे बरोबरच आहे. रॉक गिटारचा सगळा डौल मात्र याच फाटण्यात आहे. पिकअपमधून (तारेच्या कंपाची वीज करणाऱ्या, गिटारवरच्या चुंबकी पट्टीतून) निघणारा विजेचा बारीकसा संदेश इतका वाढवायचा की ॲम्प्लिफायरला तो पेलवेनासा होतो आणि त्याच्या लहरींचे शेंडे चेपले जातात. ते हळूहळू चेपले जातात की एकदम छाटले जातात, यावर आवाज गोड लागेल की कर्कश, ते ठरतं.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका खोलीत माझा पुतण्या आणि त्याचे मित्र गिटारचा सराव करतात. सध्या सगळ्यांना क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या गिटारवादकासारखा, ब्रायन मेसारखा सूर हवा आहे. "काका, कुठला ॲम्प घेऊ ओ?" हा प्रश्न मला सारखा येतो. एका नावात उत्तर देता येईल, व्हॉक्स एसी-३०. पण तेवढ्यावर थांबलं तर मुलांचे पैसे जातील आणि सूर मिळणार नाही.

आधी माणसाबद्दल. ब्रायन मेचा जन्म १९४७ चा. शाळकरी वयात, १९६३ पासून, त्याने वडिलांच्या मदतीने स्वतःची गिटार घरीच बनवली. गळ्यासाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं महोगनी लाकूड, कंपदांड्याच्या (सूर थरथरवणाऱ्या दांड्याच्या) स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या. आजही तो तीच वाजवतो. पुढे बँडपायी अर्धवट सोडलेली खगोलभौतिकीची पीएचडी त्याने २००७ मध्ये पूर्ण केली. विषय होता सूर्यमालेतल्या धुळीचा. (याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. सोलापूरकरांना हे नातं माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.)

आता ॲम्पकडे. एसी-३० हा १९६० च्या सुमाराचा ब्रिटिश ॲम्प. आउटपुटला ईएल-८४ जातीचे चार व्हॉल्व्ह (संदेश वाढवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या), ताकद सुमारे ३० वॅट, आणि १२ इंची दोन स्पीकर. त्याची खरी खासियत त्यात काय नाही यात आहे: त्याच्या आउटपुट भागात ऋण पुनर्भरण नाही. बहुतेक ॲम्प्लिफायरमध्ये बाहेर पडलेल्या संदेशाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत देतात, म्हणजे झालेली चूक आपोआप दुरुस्त होते. याने आवाज स्वच्छ राहतो. पण दुरुस्तीलाही मर्यादा असते. ती संपली की लहर अचानक सपाट कापली जाते. एसी-३० मध्ये ही दुरुस्तीच नसल्यामुळे लहर आधीपासूनच थोडी थोडी वाकायला लागते. तार हलकी छेडली तर जवळजवळ स्वच्छ, जोरात छेडली तर भरड, आणि मधल्या सगळ्या छटा बोटांच्या ताब्यात.

मार्शल या दुसऱ्या ब्रिटिश ॲम्पची गोष्ट वेगळी. १९६२ मध्ये लंडनमध्ये तयार झालेला पहिला मार्शल अमेरिकेच्या फेंडर कंपनीच्या बासमन ॲम्पच्या आराखड्यावर बेतला होता. दोन्हींत ऋण पुनर्भरण आहे, म्हणून दोन्ही बराच काळ तग धरतात आणि मग एकदम तुटून पडतात. मार्शलच्या त्या तुटण्यात जो आवेश आहे तो वेगळ्या वादकांना शोभतो. फेंडरच्या साठच्या दशकातल्या ॲम्पमध्ये टोनच्या मंडलामुळे (सर्किटमुळे) मधले स्वर दबतात, त्यामुळे आवाज लख्ख लागतो. ब्रायन मेची गिटार मात्र मधल्या स्वरांतच गाते. तो एसी-३० चा 'नॉर्मल' चॅनेल वापरतो, जिथे असं टोनचं मंडल मध्ये येतच नाही. ॲम्पचा आवाज पूर्ण उघडा ठेवतो आणि कमी-जास्त करतो ते गिटारवरच्या बटणाने.

आपल्या कानाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. तानपुऱ्याची जवारी हेच काम करते. घोडीचा माथा किंचित वक्र घासलेला असतो. तार कंप पावताना त्याला अलगद चाटून जाते आणि मूळ स्वरातून वरचे उपस्वर फुटतात. तारेला जिथे छेडलं तिथे ज्या उपस्वराचा निष्पंद बिंदू (तार न हलणारी जागा) येतो, तो जुन्या नियमाप्रमाणे ऐकूच यायला नको. तानपुऱ्यात तो स्पष्ट ऐकू येतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये लिहून ठेवलं. मिरजेचे कारागीर जवारी उघडी ठेवायची की बंद, हे गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरवतात. व्हॉल्व्हचा ॲम्प ही विजेची जवारी आहे. घोडीऐवजी इथे लहर व्हॉल्व्हच्या मर्यादेला घासते, आणि उपस्वर तिथे जन्मतात.

फरक एकच, आणि तो मोठा आहे. तानपुऱ्यात प्रत्येक तार जवळपास आपापली वाजते. ॲम्पमध्ये सगळ्या तारा एकाच वाटेने जातात. दोन स्वर एकत्र चेपले गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही ऐकू येतात. सा २०० हर्ट्झ आणि प ३०० हर्ट्झ घ्या. वजाबाकी १००, म्हणजे खालचा सा. बेरीज ५००, म्हणजे वरच्या सप्तकातला शुद्ध ग. सगळं सुरात. म्हणून फाटक्या आवाजात सा-प ची जोडी भक्कम लागते. आता गिटारच्या पडद्यांवरचा सा आणि ग घ्या: २०० आणि साधारण २५२. वजाबाकी ५२, बेरीज ४५२. यांचं २०० शी कसलंच सरळ नातं नाही, आणि आवाज चिखलासारखा होतो. ब्रायन मेच्या गिटारींचा जो गायकवृंद आपण रेकॉर्डवर ऐकतो, त्यातला प्रत्येक स्वर त्याने वेगळा वाजवून, वेगळा ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढवला. प्रत्येक स्वर एकट्याने फाटतो, दुसऱ्याशी मिसळून नाही. स्टेजवर एका दणक्यात तो आवाज काढायला गेलं तर कुठलाही ॲम्प तो देणार नाही, कितीही महाग असो.

दुसरी गोष्ट ॲम्पच्या आधीची. ब्रायन मे गिटार आणि ॲम्पच्या मध्ये ट्रेबल बूस्टर लावतो. ही कल्पना आणि एसी-३० ची निवड, दोन्ही त्याला आयरिश वादक रॉरी गॅलाघरकडून मिळाली. खालचे स्वर मोठ्या लहरींचे असतात. ते ॲम्पमध्ये आधी पोहोचले तर सगळी जागा तेच व्यापतात. बूस्टर त्यांना आधीच छाटतो आणि वरचे वाढवतो. त्यामुळे फाटूनही शब्द ऐकू यावेत तसा स्वर सुटा राहतो. मी मुलांना सांगतो की पैसे कमी असतील तर ॲम्प साधा घ्या, पण बूस्टर सोडू नका.

इथे सोलापूर आडवं येतं. जुने बूस्टर जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरवर (संदेश वाढवणाऱ्या छोट्या पुर्ज्यावर) चालत. जर्मेनियममधून नको असलेला प्रवाह गळतो, आणि तापमान सुमारे १० अंशांनी वाढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. लंडनच्या २० अंशांत जमवलेलं मंडल आपल्या एप्रिल-मेच्या ४२ अंशांत नेलं तर गळती चौपटीच्या वर जाते. ट्रान्झिस्टरची बैठकच सरकते आणि सूर घोगरा, दबका होतो. दुपारी पत्र्याच्या खोलीत वाजवायचं असेल तर सिलिकॉनचा बूस्टर घ्यावा. जाणकार जर्मेनियमची भलामण करतील. ती थंड हवेची भलामण आहे.

विजेचंही तसंच. व्हॉल्व्हच्या ॲम्पमधला विजेचा उच्च दाब सहसा स्थिर केलेला नसतो. २३० व्होल्टचे २०० झाले की आतला दाबही त्याच प्रमाणात उतरतो आणि आवाज लवकर फाटतो. अमेरिकन रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन हे मुद्दाम करायचा, विजेचा दाब कमी-जास्त करणारं यंत्र म्हणजे व्हॅरिअ‍ॅक लावून. आपल्याकडे ते संध्याकाळी न सांगता होतं, म्हणून तुलना करताना स्टॅबिलायझर हवाच.

तुलना करण्याची रीतही नीट हवी. जो ॲम्प किंचित मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो. आपला कान असाच आहे. शिवाय हळू आवाजात खालचे आणि वरचे स्वर कानाला कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखवलं. म्हणून मोबाइलवरच्या डेसिबल मापकाने दोन्ही ॲम्प एकाच पातळीवर आणावेत, बसायची जागा बदलू नये, आणि कोणता ॲम्प चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. आमच्या खोलीत असं ऐकलं तेव्हा बूस्टर लावलेला छोटा ॲम्प आणि व्हॉल्व्हचा ॲम्प यांतलं अंतर मुलांना वाटलं होतं त्यापेक्षा बरंच कमी निघालं. ताकदीचीही फार काळजी नको. १ वॅट आणि ३० वॅट यांत सुमारे १५ डेसिबलचा फरक. कानाला तो तिपटीच्या आतच वाटतो. स्पीकर मात्र शक्यतो १२ इंची असावा. असा स्पीकर ५,००० हर्ट्झच्या वर झपाट्याने मंदावतो आणि फाटण्यातली किरकिर गाळून टाकतो. ॲम्प थेट घरच्या म्युझिक सिस्टिमला जोडला की किरकिर ऐकू येते ती हा गाळणारा नसल्यामुळे.

आणि व्हॉल्व्हशिवाय गोडवा नाही, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक दाखला. क्वीनचा बास वादक जॉन डीकन याला १९७२ च्या सुमाराला लंडनमध्ये कचऱ्यात एक सर्किट बोर्ड सापडला. त्याने तो एका छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला. चालायचा ९ व्होल्टच्या बॅटरीवर, आत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर, एकही बटण नाही. ब्रायन मेच्या रेकॉर्डवर व्हायोलिन-क्लॅरिनेटसारखे भासणारे कितीतरी सूर या खोक्यातून आले आहेत.

राहिला पिक, म्हणजे तार छेडायची चकती. ब्रायन मे प्लास्टिकऐवजी सहा पेन्सचं नाणं वापरतो, जे ब्रिटनच्या चलनातून १९८० मध्ये गेलं. आपल्याकडे ३० जून २०११ ला बंद झालेली पावली, म्हणजे पंचवीस पैशांचं नाणं, आहे. तांबे-निकेलची, कडेला दाते असलेली जुनी पावली आकाराला जवळपास तेवढीच भरते; गुळगुळीत कडेची स्टीलची चालणार नाही. ती चिमटीत सैल धरायची. तारेला समांतर धरली तर स्वर मऊ निघतो, किंचित तिरकी केली की दाते तारेवर घासतात आणि स्वराच्या सुरुवातीला 'त' सारखं व्यंजन उमटतं.