बाटली विसळू नका
(तळ्यातल्या पाऱ्याची तपासणी करून घेणाऱ्यांसाठी)

मुरबाड, शहापूर, तळोज्याचे तळेवाले रबाळ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत बहुधा एकच तक्रार घेऊन येतात: रोहू खाद्य खातो, पण अंगी लागत नाही. पाण्यात पारा तर नसेल?

असू शकतो. कारखान्याचं सांडपाणी मिसळलेला ओढा किंवा फुटक्या ट्यूबलाइटचा कचरा, दोन्हींतून तो येतो. रोहू-कटल्याला खरं जठर नसतं. सगळं पचन वेटोळ्याच्या लांब आतड्यातच होतं. पाऱ्याला गंधकाची ओढ, आणि पाचक विकरांच्या (अन्न पचवणाऱ्या एन्झाइमांच्या) प्रथिनांत गंधक असतं. पारा तिथे चिकटला की विकर मंदावतं. मरळीच्या कुळातल्या माशावर आपल्याकडेच प्रयोग झाले, त्यांत आतड्याच्या अस्तरालाही इजा दिसली. गाळातले जिवाणू पाऱ्याचं मिथाइल रूप करतात. ते माशाच्या मांसात साठतं आणि शिजवूनही जात नाही.

तरीही पाऱ्याच्या आधी पाण्यातला अमोनिया आणि पहाटेचा प्राणवायू तपासून घ्या. खर्च कमी येतो आणि वाढ खुंटण्याचं कारण बहुतेकदा तिथेच सापडतं.

आता मुख्य गोष्ट. आम्ही देतो त्या काचेच्या बाटलीच्या तळाशी थोडं पाण्यासारखं द्रव दिसतं. ते नायट्रिक आम्ल आहे, घाण नव्हे. ते नसेल तर पारा बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि अहवालात आकडा खोटा कमी येतो. चांगल्या हेतूने लोक बाटली तीनदा विसळून भरतात. मग पुन्हा बाटली, पुन्हा फेरी, आठवडा वाया. काठोकाठ भरून सांडवलीत तरी तेच. मानेवरच्या खुणेपर्यंतच भरा, दुसऱ्या स्वच्छ भांड्यातून ओता. हातमोजे घाला, मुलांना जवळ येऊ देऊ नका. घरच्या प्लास्टिकच्या बाटलीतला नमुना आम्ही घेत नाही, कितीही लांबून आणलात तरी. याचा राग येतो, हे समजतं. पण चुकीच्या आकड्यावर सही करणं आम्हाला जमणार नाही.

नुसतं पाणी पुरत नाही. पाण्यात पारा नगण्य आणि माशात लाखो पट, असं होतं. म्हणून तळाचा मूठभर गाळ आणि दोन मोठे मासे बर्फात घालून सोबत आणा. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 0.001 मिलिग्रॅम आहे, माशाची किलोला 0.5 मिलिग्रॅम, अहवालात दोन्ही शेजारी छापतो.

बाटली मोफत मिळते. तिन्ही नमुने एकत्र दिलेत तर दरात सवलत आहे, आणि अहवाल घ्यायला याल तेव्हा आमचा माणूस आकडे बसून समजावून सांगतो.